लाडकीबाईची धुराची चौकशी

उधवा गावच्या लाडकीबाईला एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत ती कोणाला सोडत नाही. महालक्ष्मीच्या जत्रेत सगळे आकाशपाळण्यात बसले, ही मात्र तो फिरवणारं इंजिन काय पितं ते विचारत दुपारभर त्याच्याजवळ उभी. नवरा हिरू होता तोवर म्हणायचा, "हिला बाजारात न्यायचं म्हणजे पोलीस सोबत नेल्यासारखं."

यंदाचा प्रश्न मात्र घरातलाच होता. थोरला सुरज हद्दीपलीकडे, गुजरातेत रंगाच्या कारखान्यात जातो. त्याच्या कमाईवर कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, फ्रीज आला आणि मागोमाग त्याला खोकलाही आला. आता त्याने धाकट्या बहिणीसाठी, दक्षासाठी, तिथेच कामाची जागा बघून ठेवली होती. दक्षाला डहाणूला राहून सोलरचं काम शिकायचं होतं. कुठे जायचं ते आई ठरवणार होती.

आईने आधी चौकशी मांडली. "धुराशिवाय कोणी सुधारलंच नाही का गो?"

दक्षाने मोबाइलवर जगाचा आलेख लावला. एक टिंब म्हणजे एक देश. उजवीकडे गेला तो श्रीमंत झाला, वर चढला त्याचा धूर वाढला. वर्षं पुढे सरकू लागली तशी बहुतेक टिंबं उजवीकडे जाता जाता वरही चढली. लाडकीबाईचं तोंड उतरलं. तेवढ्यात काही टिंबं उजवीकडे जात असतानाच खाली वळली.

"अगं, हे कसे खाली आले? कामधंदा सोडला?"

"नाही गं. थोडी वीज उन्हावर, वाऱ्यावर काढतात. थोडा माल बाहेरच्या देशातून मागवतात. मग त्याचा धूर तिकडच्यांच्या नावावर."

चहा पीत बसलेला सुरज हसला. "आमच्या रंगाच्या पिंपांवर त्याच देशांचे पत्ते असतात की!" आणि हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली.

लाडकीबाईने ती थांबेपर्यंत त्याची पाठ चोळली. मग पुन्हा मोबाइलकडे वळून तिने विचारलं, "याचा खोकला कुठल्या देशात मोजतात?"

तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

सुरजने कप खाली ठेवला. "जाऊ दे तिला डहाणूला."

"आणि तू?"

"तिची फी कोण भरेल?" म्हणत त्याने बूट चढवले आणि तो पाळीवर निघाला.