काचेपलीकडचं फुलपात्र

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या ग्रुपमध्ये कुणी असले किस्से सुरू केले की त्याला गप्प करणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवून ठेवून थकले आता.

२००६ ची गोष्ट. आम्ही चँडलरला, अ‍ॅरिझोनात राहतो. नवरा श्रेयस चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. आदल्या डिसेंबरात तिकडे नागपूरला माझी आई वारली आणि मी जाऊ शकले नाही. ग्रीन कार्डाची फाइल अशा जागी अडकली होती की देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर अर्जच बाद. पुढे दादाने घर आवरायला काढलं तेव्हा मी फोनवर एवढंच म्हटलं, "मला काही नको रे, आईचं पाणी प्यायचं फुलपात्र तेवढं ठेव."

"तेच तर सापडत नाहीये," दादा म्हणाला. "शेवटच्या दिवसापर्यंत उशाशी होतं तिच्या. सगळं घर पालथं घातलं."

गेलं असेल भंगारात, असं म्हणून मी विषय संपवला. म्हणजे, बोलण्यातला संपवला.

एप्रिलमध्ये लाँग वीकेंडच्या ट्रिपचं ठरत होतं. आमच्या शेजारचे अनिकेत आणि मंजिरी, दोघं पक्के पुण्याचे, रविवारी दुपारी आमच्याकडे मीटिंगला आले. आमची मीटिंग म्हणजे पोहे, चहा आणि कुठे जायचं ते सोडून बाकी सगळ्यावर चर्चा. मंजिरीने तर जागा ठरायच्या आधीच पुऱ्या कुणी करायच्या आणि धपाटे कुणी याची वाटणी करून टाकली. श्रेयसला बीच हवा होता. अनिकेतचं वेगळंच. तो ऑफिसच्या कामाने कॅलिफोर्नियाला गेला होता आणि येताना वाट वाकडी करून एक जुनं गाव बघून आला होता. सोन्याच्या मागे धावत आलेल्या लोकांनी वसवलेलं आणि सोनं संपल्यावर सोडून दिलेलं. आता ते जसंच्या तसं जपून ठेवलंय. घरांना कुलपं, आतली वस्तू हलवायची नाही, खिडकीच्या काचेतून बघायचं फक्त. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

"माणसं गेली आणि ताटं टेबलावरच राहिली यार," म्हणत त्याने डिजिटल कॅमेरा टीव्हीला जोडला.

एक फोटो स्वयंपाकघराचा होता. लोखंडी शेगडी, काळी किटली, धुळीने भरलेलं टेबल... आणि टेबलाच्या कडेला एक फुलपात्र. स्टीलचं. काठाला पोचा – लहानपणी मीच ओट्यावरून पाडलं होतं. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, आपल्याकडे नव्या भांड्यांवर घालून घेतात तसं. 'सौ. कुमुद'.

"अय्या, हे तर आपल्याकडचं भांडं," मंजिरी म्हणाली. "कुणीतरी देसी विसरला वाटतं." मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय झालं गं?"

"आईचं आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. श्रेयस उठून टीव्हीजवळ गेला. सासुरवाडीला गेला की त्याच फुलपात्रातून पाणी प्यायचा तो. बराच वेळ बघून म्हणाला, "तेच आहे." अनिकेत बिचारा कावराबावरा झाला. "फोटो काढताना मला हे दिसलं नव्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बीचचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

मेच्या शेवटी चौघं गेलो. टळटळीत दुपार होती, पण वारा गार. मी गाडीतून उतरले ती थेट त्या खिडकीपाशी. तेच टेबल, तीच किटली. फुलपात्र नव्हतं. ते जिथे होतं तिथे धुळीत एक स्वच्छ गोल उमटला होता.

तिथे देखरेखीला असलेल्या रेंजर बाईंना फोटोची प्रिंट दाखवली. त्या कधी प्रिंटकडे, कधी आत बघत राहिल्या. म्हणाल्या, हे घर मागच्या उन्हाळ्यानंतर कुणी उघडलेलंच नाही. दारावरचं कुलूपही हलवून बघितलं त्यांनी. मग विचारलं, "हे कुणाचं होतं?"

"माझ्या आईचं." त्या माझ्या दंडावर हात ठेवून गेल्या.

मी काचेला कपाळ टेकून उभी राहिले. आई फुलपात्र भरायची, आधी मला द्यायची आणि उरलेलं स्वतः प्यायची. उष्टं काय म्हणून मी ओरडायचे तर हसायची. डिसेंबरात लोकांसमोर धड रडलेही नव्हते, ते सगळं तिथे बाहेर आलं. मंजिरी शेजारी नुसती उभी राहिली, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

आता ग्रीन कार्ड आलंय. नागपूरला जाऊन आले, घर विकलं गेलंय. तो फोटो अजून आमच्याकडे आहे आणि त्यात फुलपात्रही आहे. श्रेयस म्हणतो, काहीतरी कारण असणारच. मग काय कारण, असं विचारलं की पुन्हा तो फोटो न्याहाळत बसतो. मलाही माहीत नाही, आणि खरं सांगू का, शोधणंही सोडलंय.

यंदा पुन्हा ट्रिपचं ठरतंय. मंजिरी वैतागलीय, "किती वेळा तेच गाव गं?" म्हणते. मी हट्ट सोडत नाही. लोकांना वाटतं मला कोडं सोडवायचंय. कोडं गेलं खड्ड्यात. मला एकदा आईच्या फुलपात्रातून पाणी प्यायचंय.