डाव्या बाजूने वाढलेला भात

तो नट गेला असे सून सांगत आली तेव्हा मी म्हटले, "परत?" फोनवर अफवा पाठवणाऱ्यांनी त्याला याआधी दोनदा मारले होते. मग टीव्ही लावला. डिचोलीच्या बाजारातले लोक कॅमेऱ्यासमोर रडत होते. कॅमेऱ्यासमोर रडणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग त्याचा मुलगा बोलला. वडिलांना लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नव्हते म्हणाला. काम मिळणार नाही म्हणून कोणाला सांगितले नाही. मान कलती करून बघायची त्यांची ती तऱ्हा, जिच्यावर सगळ्या बाया भुलल्या, ती उजवा कान पुढे करण्यासाठी होती.

माझ्या हातातला उंडो पाव हातातच राहिला. कारण हे मला माझ्या बायकोने लग्नाच्या वर्षीच सांगितले होते, आणि मी तिला खोटारडी म्हटले होते.

तिचे माहेर धारगळचे. देवळाच्या जत्रेत गावचे नाटक, त्याला मुंबईहून हाच नट आणलेला. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याचे जेवण हिच्या घरी ठरवलेले. ही वाढायला. तिला त्याचा कान कळला, एवढेच ती सांगायची. मी विचारले, "वाढणाऱ्या पोरीला पुरुषाचा कान कसा कळतो? किती जवळ गेली होतीस?"

ती म्हणाली, "वाढूक जितक्या जवळ जावचा लागता तितक्या."

मला ते पटले नाही. मी पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवत होतो. तिथे मी ही गोष्ट मस्करी म्हणून सांगितली. मग ड्रायव्हर घरी आले की त्या बहिऱ्या नटावरून तिला विचारायचे, "वयनी, तुमचो भैरो हिरो कसो आसा?" तिने पुढे तो विषय काढला नाही. त्याचा पिक्चर लागला की बघत बसायची, आणि मी उठून बाहेर जायचो.

गेल्या गणपतीच्या चवथीआधी ती गेली.

टीव्हीवर ऐकले तरी माझा संशय जाईना. मुलगा बापाला मोठा करायला काहीही बोलेल. आणि कान खरा असला तरी तो हिला कसा कळला, ते राहिलेच. दुसऱ्या दिवशी बस धरून धारगळला गेलो. तिचा धाकटा भाऊ हायवेकडे तोंड करून बसला होता. सरळ विचारले तर तो मेलेल्या बहिणीची बाजू घेणार. म्हणून मी उलटे बोललो, "तो नट तुमच्या घरी कधी जेवलाच नाही. ती फेकत होती."

तो उसळला. "फेकी होती? भावजी, त्या दिवशी माका शीत रवला नाय! ही डाव्या बाजून विचारी, 'वाढू?' तो गप. ही वाढी, तो खाय. टोप रिकामो! बापायन तिका काय ती बडबड केली. मी पेज पिऊन निजलंय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी ती उजव्या बाजून गेली. त्येणी लगेच पानार हात धरलो. 'पुरे' म्हणालो."

"तिने हे कोणाला सांगितले?"

"आमका नाय. आमका वाटला, मुंबयचो उपाशी आसतलो. तुमका सांगितला आसतला. घोव न्हय तुमी?"

मी चहा न घेता उठलो.

संध्याकाळी परत सर्वणला आमच्या घरी जेवायला बसलो. सून वाढत होती. गेले कितीतरी दिवस माझ्या मनात होते की ती मुद्दाम न विचारता वाढते, म्हाताऱ्याचा राग काढते. भाताचा ढीग झाला.

"विचारायचे नाही ठरवलेस काय?" मी म्हटले.

ती पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "रोज विचारतंय बाबा. तुमीच बोलनास नाय."

खाणीच्या ट्रकात इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचे. तीस वर्षे ते माझ्या त्या कानात ओरडले. मला वाटायचे, थोडे कमी येते, एवढेच.

माझ्या उजव्या हाताला भिंत आहे. मेज आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा. बायको रोज त्या फटीत अंग चोरून शिरायची आणि तिथून वाढायची. मी वैतागायचो, "तिथे कशाला घुसतेस? इकडची जागा कोणी खाल्ली काय?" ती कारण न सांगता तिथूनच वाढायची. एकदा एका कानाची गोष्ट मला सांगून काय झाले होते, ते तिला ठाऊक होते.

"बाय, या बाजूने वाढ," मी सुनेला म्हटले.

"थंय भिंत आसा मगे, बाबा. कशी येव?"

मी ताट उचलून तिच्या हातात दिले, उठलो, आणि मेज भिंतीपासून ओढून पुढे घेतले.