जोराचं अक्षर

वाईत होतो तोवर माझ्या बडबडीनं घाटावरची कबुतरं उडायची. लढाईच्या दिवसांत पाटणच्या बाजूला एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो आणि माझ्याशी बोलायला माणूस मिळेना. कारण साधं होतं. घरटी एक पोरगा पलटणीत, आणि पोरगा पडल्याची इंग्रजी तार आली तर ती वाचता येणारा गावात मी एकटा. मी गल्लीत शिरलो की दारं धडाधड लागायची. पाटलाचं कुत्रंसुद्धा तोंड फिरवायचं, आणि त्याचं तर कुणी पलटणीत नव्हतं.

मग संध्याकाळी टेकडीवर जायचो आणि शब्दकोशातला लांबलचक शब्द ओरडायचो: इनडिस्ट्रक्टिबिलिटी. पाटणात सुरू करावा तर संपेस्तोवर कराड यावं, असा शब्द. कोशात 'बि'पाशी बारीक रेघ होती. म्हणजे जोर तिथं. इन, डि, स्ट्रक, टि ही चढण दमानं चढायची, 'बि'वर उभं राहून आरोळी ठोकायची, लि आणि टी आपोआप घसरत यायचे. समोरचा डोंगर फक्त 'बि' परत द्यायचा. दिवसभरात मला मिळणारं उत्तर तेवढंच.

एकदा शेजारची म्हातारी धापा टाकत वर आली. तिचा एकुलता एक मुलगा इटलीत लढत होता.

"आवं मास्तर, कुणाची तार आलीया? डोंगराला कशापायी सांगताय?"

तार नव्हे, नुसता शब्द आहे, म्हटलं. तिला पटेना. मग मी खडकावर खडे मांडले आणि शब्दाचे तुकडे करून दाखवले. इन म्हणजे न. डिस्ट्रक्ट म्हणजे मोडून टाकणं. मागचं शेपूट म्हणजे तसं होण्याचा गुण. सगळं जोडलं की, कशानंच न मोडण्याचा गुण.

तिनं एकेक खडा बोटानं चाचपला. "मंग माज्या दारात म्हना की त्यो. रोज."

त्या दिवसापासून गावातला एक उंबरा मला उघडला. मी शब्द म्हणायचो, 'बि' आला की ती चौकटीवर थाप मारून माझ्यासोबत ओरडायची. अशी थाप, की आढ्यावरची धूळ खाली यायची. मग भाकरी वाढायची आणि लेकाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसायची. मी देवाला रोज सांगायचो, पोरगा धडधाकट येऊ दे. आणि हळूच जोडायचो, सावकाश येऊ दे.

लढाई संपली आणि तो आला. दुसऱ्या दिवशी म्हातारी गूळ घेऊन आली, पहिल्यांदाच माझ्या दारात.

"आला वो त्यो," ती म्हणाली. "आता तुमच्या घशाला जरा इसावा द्या."

संध्याकाळी टेकडीवर गेलो. खाली तिच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते, आणि दार सताड उघडं होतं. मी शब्द म्हटला, सगळा, शेवटापर्यंत; पण जोर कुठंच दिला नाही. डोंगरही काही बोलला नाही.