तिसऱ्या गोलाचा नारळ

नागपूरहून कोल्हापूरला जाणारी गाडी एक आख्खा दिवस आणि वर काही तास घेते. त्यातला बराचसा वेळ मी विहीणबाईंना मनातल्या मनात लाखोली वाहण्यात घालवला. माझी मुलगी कोल्हापुरात दिली आहे आणि विहीणबाईंचे धाकटे भाऊ बापू तिथल्या एका तालमीचे सेक्रेटरी आहेत. तालीम म्हटलं की आपल्याकडे लाल माती आणि पैलवान डोळ्यांपुढे येतात. कोल्हापुरात पेठेपेठेच्या (जुन्या वस्तीच्या) तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि सामन्याच्या दिवशी त्या पेठेत कुणाचं लग्न असेल तर नवरदेवसुद्धा स्कोअर विचारतो. या बापूंनी इंग्लंडचा एक निवृत्त स्ट्रायकर, क्लाइव्ह पेंडल, सत्काराला बोलावला होता. स्ट्रायकर म्हणजे गोल मारणं हेच ज्याचं काम, असा खेळाडू. त्याचं बोलणं मराठीत आणायला त्यांना माणूस हवा होता. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. फुटबॉलबद्दल मला शून्य माहिती. पण मुलीच्या सासरकडून आलेला शब्द मोडायचा कसा? “तुम्ही सोडून आमचं इंग्रजी जाणणारं आहे कोण?” असं विहीणबाई फोनवर म्हणाल्या, आणि त्यांच्या घरात दोन इंजिनिअर आहेत हे मला तेव्हा आठवलं नाही.

गाडी तीन तास उशिरा पोचली. स्टेशनबाहेर पाहते तर रस्ताभर फ्लेक्स. त्यावर लाल जर्सीतला एक तरुण गोरा, खाली पेठेतल्या चाळीस जणांचे गॉगल घातलेले फोटो, आणि वर अक्षरं: ‘हॅटट्रिकचा बादशहा, करवीरनगरीत स्वागत!’

बापू धावत आले. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा.

“या इनबाई!” विहिणीला इकडे इनबाई म्हणतात. “गाडी लेट झाली व्हय? आमी सकाळधरनं थांबलोय की!”

“बापू, मी कळवलं होतं की.”

“व्हय, कळवलंतं. पन म्हनलं, लवकर आली तर?”

माझी बॅग त्यांनी उचलली आणि तिचं हँडल तिथेच तुटलं. त्यांनी ते हँडल माझ्या हातात दिलं आणि बॅग खांद्यावर टाकली.

पेंडलसाहेब हॉटेलच्या लाउंजमध्ये भेटले. फ्लेक्सवरच्या तरुणाशी त्यांचं नातं फक्त कानांपुरतं उरलं होतं. साठी उलटलेले, टक्कल पडलेले, उजवा गुडघा न वाकवता खुर्चीत बसणारे गृहस्थ. ते आदल्या दिवशी आले होते आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर तीनदा फेटा बांधून झाला होता.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “यांना नक्की मीच हवा आहे ना? काही घोटाळा तर नाही?”

मी म्हटलं, फ्लेक्सवर नाव तुमचंच आहे. ते फ्लेक्सवर काय लिहिलंय, असं विचारणार होते. तेवढ्यात बापूंनी चौथा फेटा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिसळ. मिसळीचा कट (वरचा तिखट रस्सा) मला काय करणार, मी नागपूरचं झणझणीत सावजी खाऊन वाढलेली, अशा तोऱ्यात मी बसले. बापूंनी डोळा चुकवून माझ्या वाटीत दोन पळ्या जास्त घातल्या, कारण मी मुलीकडची. विहिणीची गंमत करायचा हक्क या लोकांनी अजून सोडलेला नाही. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पेंडलसाहेब शांतपणे खात होते. शेजारच्या टेबलावरचा एक अनोळखी माणूस उठून आला आणि थेट त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “पावणं, ह्यो पाय मोडला कसा ओ? आन् पोट किती सुटलंय तुमचं!”

मी भाषांतर केलं, “हे तुमच्या प्रकृतीची चौकशी करताहेत.”

दिवसभर माझं हेच चाललं होतं. या गावात मनात एक आणि तोंडात एक असा प्रकारच नाही. मनातलं आहे तसं, मोठ्या आवाजात, समोरच्याच्या अंगावर येतं. बायको सोबत का नाही आली, केस कधी गेले, आता पोटापाण्याचं काय करता, सगळं पहिल्या पाच मिनिटांत. मी एकेक प्रश्न धुऊन, पिळून, वाळवून पुढे देत होते आणि माझा जीव मेटाकुटीला आला होता.

मग जोतिबा. गुडघा गेलेल्या माणसाला डोंगरावर कशाला न्यायचं, असं मी बापूंना तीनदा विचारलं. “देवाला दावायला नको व्हय?” हे एकच उत्तर. वर गाडीतळापासून देवळाकडे पायऱ्या उतरत जातात. दोन्ही बाजूंना नारळाची, गुलालाची दुकानं. दहा पायऱ्यांत गर्दीतून कुणीतरी ‘चांगभलं’ म्हणत गुलाल उधळला आणि आम्ही दोघं नखशिखांत गुलाबी झालो. माझी ती नवी टसरची साडी होती. तिच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

विसाव्या पायरीवर पेंडलसाहेबांचा गुडघा धरला. एका दुकानदारीणबाईंनी नारळाचं पोतं सरकवून त्यांना बसायला जागा दिली. बापू पाणी आणायला गेले. जाताना ओरडून म्हणाले, “इनबाई, तवर त्येंला इचारा की, त्या तिसऱ्या गोलाला पळताना मनात काय आलतं? लई वर्सं इचारायचं हाय.”

मी विचारलं. पेंडलसाहेबांनी गुलालातून माझ्याकडे पाहिलं.

“कोणता तिसरा गोल?”

मग मी त्यांना फ्लेक्सचा, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल मारणाऱ्या बादशहाचा, अर्थ सांगितला, आणि बापूंकडून जे कळलं होतं तेही. तालमीत एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तालमीचे नाना, म्हणजे इथले सगळ्यांत जुने खेळाडू, त्यांचा मावसभाऊ इंग्लंडला नोकरीला होता. त्याने स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत टीव्हीवरचा एक सामना भरला आणि नानांना पाठवला. कुठल्याशा कपची उपांत्य फेरी. पेठेकडे तेव्हा दुसरी कॅसेटच नव्हती, म्हणून हीच पुन्हा पुन्हा लावून तीस वर्षं इथली पोरं फुटबॉल शिकली. पेंडल दोन गोल मारतात. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असते. पेंडल बचाव फोडून, गोलकीपरलाही चकवून, मोकळ्या गोलाकडे पळत सुटतात आणि तिथेच कॅसेट संपते. बाकीची जागा लग्नाने खाल्लेली.

“आणि पुढे?” मी विचारलं.

“पुढे मी तो बाहेर मारला,” पेंडलसाहेब म्हणाले. “चार पावलांवरून. मोकळा गोल.”

एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. चौदा वर्षं ते गावाच्या एकाच क्लबकडून खेळले, पोत्याने गोल केले, पण लोकांना आठवतो तो हाच. पुढच्या वर्षी गुडघा गेला, म्हणून ही चूक भरून काढायची संधीही मिळाली नाही. नंतर ते हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाइकं रद्दी टोपलीत टाकून म्हणत, बघ, असं टाकतात. त्यांच्या गावात आजही कुणी सोपी संधी घालवली की मुलं म्हणतात, पेंडल केलंस. कुणी वाईट बोलत नाही, सगळे हसून बोलतात. तेच जास्त लागतं, म्हणाले.

“इथलं पत्र आलं तेव्हा वाटलं, जगात एका ठिकाणी तरी त्या बाकीच्या चौदा वर्षांची आठवण आहे. आता कळलं का बोलावलंय ते.” ते उठायला लागले. “मी संध्याकाळी खरं सांगणार. तुम्ही जसंच्या तसं सांगायचं, मॅडम. सकाळपासून तुम्ही जे साबण लावून सांगताय तसं नाही.”

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं!

परतीच्या वाटेवर मी विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अहो, काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्या. नाना पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांनी त्या तिसऱ्या गोलावर जन्म काढलाय.” मी फोन ठेवला. इकडे एक माणूस खरं बोलायला निघालेला, तिकडे आख्खी पेठ गोल धरून बसलेली, आणि मध्ये मी, गुलालात बरबटलेली, ना घरची ना घाटावरची! असा संताप मला कधी आला नव्हता.

संध्याकाळी तालीम ओसंडून वाहत होती. मध्ये एक जुना टीव्ही आणि कॅसेट लावायचं यंत्र, त्यावर शाल. नाना कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बापूंनी मला रिवाज समजावला: दर हंगामाच्या आधी कॅसेट लावायची, ती जिथे संपते तिथे सगळ्यांनी ‘गोल’ म्हणून ओरडायचं आणि नारळ फोडायचा. त्याशिवाय संघ मैदानात उतरत नाही.

कॅसेट सुरू झाली. आधी लग्न. हळद, अक्षता, पंगत. कुणी पुढे ढकलत नाही. यंत्राचं ते बटण कधीच मोडलंय. मग हिरवं मैदान आलं. लाल जर्सीतला तो पोरगा पळू लागला तेव्हा मी शेजारी पाहिलं. पेंडलसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. पडद्यावर तो शेवटचा धावला, गोलकीपर मागे पडला, समोर मोकळी जाळी, आणि चित्र जाऊन पांढरे ठिपके आले.

“गोऽऽल!” तालमीचं छप्पर हाललं. हलगी कडाडली, नारळ फुटला.

पेंडलसाहेब उभे राहिले. हलगी थांबली. ते तीन वाक्यं बोलले. जसंच्या तसं सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

“हे म्हणताहेत, तो गोल झाला नाही. मी तो बाहेर मारला. तुमचा सत्कार मला घेता येणार नाही.”

बापू मिशी चावत जमिनीकडे बघत होते. मग कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला.

“ठावं हाय की,” नाना म्हणाले.

“काय?” मी जवळजवळ किंचाळलेच.

“मोबाइल आल्यापास्नं समद्यांस्नी ठावं हाय. ह्या बापूनंच मला दावलंतं. मी म्हनलं, बघितलंस न्हवं? झालं. आता पेठंत कुनी त्वांड उघडायचं न्हाय.”

ज्या गावात टकलापासून पोटापर्यंत एक गोष्ट पोटात राहत नाही, त्या गावाने हे एवढं मोठं इतकी वर्षं गिळलं होतं! माझा पारा चढला. “मग यांना एवढ्या लांबून बोलावलंत कशाला? हॅटट्रिकचे फ्लेक्स कशाला लावलेत? सकाळपासून माझा जीव टांगणीला लावलात, साडीचं वाटोळं केलंत...”

“इनबाई, बसा की,” नाना म्हणाले. मग ते पेंडलसाहेबांकडे वळले, मी मध्ये आहेच हे विसरून. “पावणं, तिकडं समद्यांनी तुमचं हुकल्यालं बघितलं. तितवर पळत कसं आलासा, दोघांस्नी कसं काढलासा, ते कुनी बघितलंच न्हाय. आमी तीस वर्सं तेवढंच बघितलं. आमची पोरं त्येच शिकली. तिकडं हुकला असंल. आमच्यात त्यो अजून पळतोय.”

मी भाषांतर केलं. या वेळी साबण लावला नाही. शेवटच्या वाक्याला मात्र माझा आवाज चिरकला, आणि त्याचाही मला राग आला.

पेंडलसाहेबांनी पांढऱ्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. मग मला म्हणाले, “त्यांना विचारा, पुन्हा लावता येईल का?”

“येईल की,” बापू म्हणाले, “पन लगीन परत बघावं लागंल.”

त्यांनी ते आख्खं लग्न पुन्हा बघितलं, हळदीपासून. या वेळी डोळे उघडे होते. लाल जर्सी पळायला लागली तेव्हा ते नानांच्या खांद्याचा आधार घेऊन, तो धरलेला गुडघा ओढत उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी ओरडले. दुसरा नारळ त्यांच्याच हाताने फुटला. पाचवा फेटाही त्यांनी स्वतः मागून घेतला.

परतीच्या गाडीत माझ्याजवळ बिनहँडलची बॅग, चार किलो भडंग (मसाल्याचे चुरमुरे), गुलाबी झालेली साडी आणि कागदात बांधलेला त्या नारळाचा तुकडा एवढं सामान होतं. गाडी पुन्हा उशिरा सुटली. विहीणबाईंचा फोन आला की पुढच्या वर्षीही यायचं आहे. मी ‘बघू’ म्हटलं, म्हणजे नाही. मी जन्मभर मुलांना सांगत आले की भाषांतर करणाऱ्याने पदरचं काही घालू नये. त्या संध्याकाळी तेवढं एक मी नीट पाळलं, याचंच समाधान होतं.

घरी पोचले तर आमचे हे मोबाइल घेऊन बसलेले. फोनवरून सगळं ऐकल्यावर त्यांनी तो सामना शोधून काढला होता. छोट्याशा पडद्यावर लाल जर्सी पळत होती, गोलकीपर मागे पडला होता.

“थांब, आता बघ काय गाढवपणा करतो,” हे म्हणाले.

मी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि पालथा टेबलावर ठेवला.

“अगं, त्याचा गोल हुकला कसा ते तरी बघू दे!”

“गोल झाला,” मी म्हणाले, आणि ते वाळत आलेलं खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं.