बाबांचा हातगुण

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी बाबांच्या हाताखालून जाते, मग वापरात येते. फ्रिज, मिक्सर, गिझर, अगदी इस्त्रीसुद्धा. वस्तू पाटावर ठेवायची, बाबांनी तिला हळद-कुंकू लावायचं, समोर नारळ फोडायचा आणि त्यातल्या पाण्याचे दोन थेंब तिच्यावर शिंपडायचे. आई होती तेव्हा म्हणायची, "तुमचे बाबा एक दिवस दुधाच्या पिशवीलाही कुंकू लावतील." लावलंही असतं. ही त्यांची गिरणीतली सवय. तरुणपणी ते परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. दसऱ्याला खात्यातले सगळे साचे पुसून लख्ख करायचे, त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या आणि ज्याने त्याने आपापल्या साच्याची पूजा करायची. त्यात मुकादमानेही मध्ये यायचं नाही, असा तिथला रिवाज.

त्यांनी ज्या दसऱ्याला साच्याला शेवटचं कुंकू लावलं, त्यानंतर थोड्याच महिन्यांत संप झाला आणि तो साचा पुन्हा कधी हलला नाही. मग बाबा घाटकोपरला आले, एका कारखान्यात पॅकिंग केलं, एका सोसायटीचं गेट सांभाळलं, आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. त्यांच्या पिढीतल्या हजारोंचं हेच झालं. त्यात बाबांच्या कुंकवाचा काय संबंध? पण माणसाच्या मनाला कोण समजावणार.

गेल्या दसऱ्याला मी नवा लॅपटॉप घेतला. मी घरून मालिकांची सबटायटल्स लिहिते, त्यामुळे लॅपटॉप म्हणजे माझं शेत, बैल, नांगर सगळं एकच. जुना पार म्हातारा झाला होता. नवा आणला तेव्हा बाबांनी पाट आधीच मांडून ठेवलेला, शेजारी नारळ आणि कोयता. माझी बहीण बोरिवलीला असते, तिला त्या दिवशी यायला जमलं नाही, म्हणून तिच्यासाठी मी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले.

"उघड तो," बाबा म्हणाले. "बंद पेटीक काय कुंकू लावूचा? तोंड तरी बघूया त्याचा."

मी लॅपटॉप उघडून चालू केला. बाबांनी अनामिकेने कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, मग नारळ फोडला. नारळ झकास निघाला, पांढराशुभ्र. पाण्याचे दोन थेंब उडाले ते झाकणाच्या मागच्या बाजूला. मी लगेच पुसून टाकले. संध्याकाळी बाबांनी त्या खोबऱ्याची चटणी वाटली आणि आम्ही ती आंबोळ्यांबरोबर खाल्ली.

दोन-तीन दिवसांतच लॅपटॉपने रंग दाखवायला सुरुवात केली. काम करता करता स्क्रीन काळी व्हायची आणि परत यायची. मग काळी होऊन यायचीच नाही. ज्या दुकानातून घेतला तिथला माणूस म्हणाला, आमच्या हातात काही नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, अंधेरीला. मला नुसता संताप आला. नवीन वस्तू घ्यायची आणि तिच्यासाठी अर्धी मुंबई पालथी घालायची.

बाबा म्हणाले, "मी येतंय."

मी नको म्हटलं, पण त्यांनी शर्ट बदलला होता. मेट्रोत ते लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन, आजारी मुलाला दवाखान्यात नेतात तसे बसले होते. कपाळावर आठी होती. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

सर्व्हिस सेंटर एका औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावर होतं. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी, भराभर बोलणारी, मराठीच. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. कधी घेतला, काय होतंय, पडला होता का, काही सांडलं होतं का. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तोवर बाबा पुढे झाले.

"सांडलं नाही, पण पाणी मी शिंपडलंय. नारळाचं. पूजेला. जे आहे ते सांगतो, उगाच पोरीच्या माथी नको."

बाहेरच्या माणसाशी बाबा असं नीट, पुस्तकी मराठी बोलतात. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टाइप केलं. मी म्हटलं, "अहो, दोन थेंब, तेही बाहेरून. लगेच पुसलेत."

"मॅडम, कस्टमरने स्वतः सांगितलं तर मला लिहायलाच लागतं ना."

तेवढ्यात मला दिसलं की तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या कडेला कुंकवाचा ठळक टिळा होता आणि मागच्या भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटरवर वाळलेली झेंडूची माळ लटकत होती. दसऱ्याची. मी बोटाने दाखवलं. "आणि हे काय?"

ती क्षणभर ओशाळली. "आम्ही पाणी नाही शिंपडत ना मॅडम," म्हणाली.

आठवड्याभरात मेल आली. ग्राहकाच्या सांगण्यानुसार द्रवपदार्थाचा संपर्क झाला असल्याने बिघाड वॉरंटीत बसत नाही. मी ती मेल मोठ्याने वाचायला नको होती, पण बाबा शेजारीच बसले होते आणि कंपनीकडून काय आलं, हे रोज विचारत होते. ते ऐकून त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना आधीच माहीत होतं.

"माझ्या हाताक यशच नाय गो," ते म्हणाले. "साच्याचा तसा झाला, तुझ्या ह्याचा असा."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या कुंकवाने गिरण्या बंद पडल्या असत्या तर मालकांनी तुम्हाला बक्षीस दिलं असतं." ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं मनात जपून ठेवली होती आणि आता तिला पुरावा मिळाला होता.

त्यानंतर बाबांनी घरातल्या वस्तूंना हात लावणं सोडलं. आमच्या घरी वायरमन क्वचितच येतो, कारण बाबा आहेत. पण स्वयंपाकघरातली ट्यूब गेली तेव्हा ते तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वायरमनाक बोलव." टीव्ही लावायला मला हाक मारू लागले. रविवारची चटणी म्हणजे त्यांचा मान, मिक्सरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, तर खोबरं खवून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तू लाव." मी लावला. चटणी जाडीभरडी झाली. ते तशीच खाऊन उठले.

मला लॅपटॉपशिवाय काम करता येत नव्हतं, ते खरंच. बहिणीचा जुना उसना आणून मी कसंबसं ढकलत होते. पण खरं सांगायचं तर कंपनीशी मी जी भांडले ती माझ्या कामासाठी नाही. मला ते यंत्र बदलून हवंच होतं, आणि बदलून देताना दोष तुमच्या यंत्राचा होता हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसलेला मला बघवत नव्हता. फोन, मेल, तक्रार क्रमांक, पुन्हा फोन. प्रत्येक वेळी नवा आवाज, आणि प्रत्येक आवाजाला माझ्या गैरसोयीबद्दल सारखाच खेद. त्या खेदाने तर माझं डोकंच फिरायचं.

एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिला आईची आठवण येत होती म्हणून ती मोबाइलमधले घरचे जुने व्हिडिओ बघत बसली होती, आणि बघता बघता दसऱ्याच्या व्हिडिओपर्यंत आली होती.

"ए, तो लॅपटॉप पाणी पडल्यावर बिघडला असं म्हणतायत ना ते?"

"हो गं."

"मग बाबा हात जोडतायत तेव्हाच स्क्रीन कशी गेली? नारळ तर अजून फोडलाच नाहीये. नीट बघ यार तू."

मी फोन ठेवून व्हिडिओ लावला. कुंकू लागलं. अक्षता पडल्या. बाबांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर स्क्रीन काळी झाली, पापणी लवावी तेवढाच वेळ, आणि परत आली. नारळ पाटाजवळ तसाच, शेंडीसकट, अख्खा. मी त्या वेळी मोबाइलमधून बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते, स्क्रीनकडे माझं लक्षच नव्हतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला रडू आलं आणि त्याच वेळी आनंदाने ओरडावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच अंधेरीला गेले. त्याच मुलीसमोर मोबाइल धरला. तिने बघितला, मग आतून इंजिनीअरला बोलावलं. त्याने दोनदा बघितला. "आत ओल नव्हतीच तशी," तो मान खाजवत म्हणाला, "पण कागदावर लिक्विड लिहिलं होतं म्हणून..." मी म्हटलं, तो कागद तुम्ही लिहिलात, आता हेही लिहा. आवाज थोडा चढलाच माझा. रांगेतली माणसं बघायला लागली तर लागली. त्या मुलीने व्हिडिओ वरच्या साहेबांना पाठवला, आणि जाताना हळूच म्हणाली, "काकांना सांगा, त्यांचं काही नव्हतं." त्या एका वाक्यासाठी मी तिचं नारळाचं बोलणं माफ केलं.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बघितला, एकदाच.

"होयसा," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला. बस, एवढंच. मी आणखी काय काय ऐकायच्या तयारीत होते. पण चाळीस वर्षांचं ओझं एका व्हिडिओने उतरत नसतं, हे मला कळायला हवं होतं.

कंपनीने अखेर नवा लॅपटॉप दिला. मेलमध्ये लिहिलं होतं, डिस्प्लेतील उत्पादनदोष. तो शब्द मी बाबांना दोनदा वाचून दाखवला. खोकं घरी आलं तेव्हा ते गॅलरीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. मी पाट मांडला, नारळ ठेवला, कोयता ठेवला, कुंकवाचा करंडा त्यांच्या पुढ्यात नेला.

"आधी तू चालव," ते म्हणाले. "नीट चाललो की मगे मी हात लावतंय."

"नाही. आधी तुम्ही."

"अगो, परत काय झाला तर?"

"झालं तर परत अंधेरी. मला आता तिथे सगळे ओळखतात."

बाबा उठले. कुंकू लावलं, तेही कडेला, टिकलीएवढं. नारळ फोडला आणि पाण्याची वाटी लांब सरकवली, पाणी शिंपडेनात. मी वाटीत बोटं बुडवून त्यांच्या हातावर ठेवली. मग त्यांनी थेंब उडवले, पण पाटाच्या कडेवर. मी लॅपटॉप चालू केला. स्क्रीन उजळली. बाबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि डोळ्याचं पातं न हलवता बघत राहिले. मी चहा करायला आत गेले.

"गेला!" बाहेरून हाक आली. अशी हाक मी आई गेली त्या दिवसानंतर ऐकली नव्हती.

मी धावले. स्क्रीन काळी होती आणि बाबांचा चेहरा तिच्याहून काळवंडलेला. मी एक बटण दाबलं. स्क्रीन परत आली.

"बाबा, झोपला होता तो. कुणी हात लावला नाही की थोड्या वेळाने झोपतो."

"कामाच्या टायमाक झोपता?"

"हो. नव्या यंत्रांना परवानगी आहे."

ते तरीही हलले नाहीत. आणखी दोनदा त्याला झोपू दिलं, दोनदा स्वतःच्या बोटाने जागं केलं. नंतर मी आत जाऊन चहा गाळत होते, तेवढ्यात ते मागून आले, फुटलेल्या नारळाच्या दोन्ही वाट्या हातात घेऊन. खवणी मांडली. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून कप विसळत राहिले. खोबरं खवून झालं. मिरच्या पडल्या, मीठ पडलं, झाकण बसल्याचा खट्ट आवाज झाला. आता हाक येणार म्हणून मी थांबले.

हाक आली नाही. मिक्सर सुरू झाला.