चाळीस वेलींची खरड छाटणी

मला द्राक्षातलं कळतं, ही माझी लहानपणापासूनची घमेंड. वडिलांची नाशिककडे बाग होती. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेली बघतच मी वाढले. डोळा कुठला फुटणार, घड कुठल्या काडीला लागणार, हे मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं. लग्नानंतर ती घमेंड मी जर्मनीला घेऊन गेले, आणि तिथे एका भल्या माणसाचं तिच्यापायी जे नुकसान केलं ते आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचे हे बॉनच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. शहरातल्या खोल्या परवडेनात, म्हणून आम्ही आर नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात बिऱ्हाड केलं. हे सकाळच्या गाडीने जायचे ते संध्याकाळी उगवायचे. मी दिवसभर घरमालकांकडे. मालकीणबाईंना मी ओमा म्हणायचे, म्हणजे आजी, आणि मालकांना ओपा. ओपा साठीला टेकलेले, द्राक्षवाले. गावामागच्या उभ्या डोंगरावर, पाटीच्या काळ्या दगडांत त्यांचा मळा होता. उभा म्हणजे किती उभा? उतरताना मी सरळ बसून घसरत यायचे.

लढाईनंतर ओपा तीन वर्षं फ्रान्समध्ये कैदी होते. बर्गंडीतल्या एका द्राक्षवाल्याकडे त्यांना राबायला लावलं होतं. सुरुवातीला तो म्हातारा ओपांशी बोलतसुद्धा नसे, पाव भिंतीवर ठेवून निघून जायचा. पण वेलींची कामं बरोबर करता करता दोघांचं जमलं. सुटकेच्या दिवशी त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून काड्या दिल्या. ओपांनी त्यांची कलमं केली आणि डोंगरावरच्या सगळ्यात वरच्या, दगडी भिंतीच्या टप्प्यावर चाळीस वेली वाढवल्या.

जात पिनो, काळ्या द्राक्षाची. आरच्या खोऱ्यातही लोक तीच लावत, पण वाइन मात्र फिकी आणि गोडसर करत, सहलीला येणाऱ्यांना आवडते म्हणून. ओपा त्या वाइनला सरबत म्हणायचे. ते सांगायचे, बर्गंडीत रस सालीसकट आंबवतात, वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोनदा खाली दाबतात, सगळी साखर संपेपर्यंत थांबतात आणि मग ओकच्या पिंपात वर्षभर वाइनला हात लावत नाहीत. पिनोचं साल पातळ, रंग हलका, पण एकाच भिंतीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मळ्याची चव वेगळी लागते म्हणे. "मग खाली दक्षिणेला बोजोले. तिथली जात गामे," ते रंगात येऊन म्हणायचे. "गामे म्हणजे बडबडी मुलगी, आल्या आल्या गप्पा सुरू. तिची वाइन लगेच प्यावी. पिनो रुसून बसते, वाट बघायला लावते." मी वाइनला कधी तोंड लावलं नाही, पण ग्लासाचा वास घेऊन जाणत्यासारखी मान डोलवायचे.

चाळीस वेलींचं एक लहानसं पिंप व्हायचं. ओपा दरवर्षी चव घेऊन म्हणायचे, "काहीतरी राहतंय. तो इथे असता तर त्याने सांगितलं असतं." आणि आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात त्या फ्रेंच म्हाताऱ्याचं पत्र आलं. सुगीला येतो. घड स्वतः तोडणार, पिंपाशी स्वतः उभा राहणार. एकदा दोघांनी मिळून वाइन करायची, ओपांच्या तळघरात, पाहुणा म्हणून. वय पंच्याहत्तर झालंय, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, असंही त्याने लिहिलं होतं. ओपांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. इतका आनंदलेला माणूस मी क्वचित पाहिला.

फेब्रुवारीत त्यांनी छाटणी केली. एकेका वेलीला एकच लांब काडी राखली आणि ती कमानीसारखी वाकवून बांधली. मी म्हटलं, "आमच्याकडे दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पार बुडापर्यंत. आणि ऑक्टोबरात फळाची." ओपा हसता हसता खोकायला लागले. "म्हणजे तुम्ही वेलीला झोपूच देत नाही? बिचारी!" थट्टाच ती, पण मला मिरच्या झोंबल्या. माझ्या वडिलांच्या बागेला हसतात? थांबा म्हटलं, दाखवते.

मार्च सरता सरता ओपा ओल्या दगडावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना बॉनच्या इस्पितळात ठेवलं. ओमा रोज तिकडे जायची. खालच्या मळ्यात मजूर यायचे, पण वरच्या चाळीस वेलींना हात लावायची कोणालाच मुभा नव्हती. मलाही नव्हती. एप्रिल लागला, डोळे फुगले, आणि रोज खिडकीतून त्या वाकवलेल्या काड्या मला दिसायच्या.

मी भोळेपणाने केलं, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले. कसला भोळेपणा! निम्मा भोळेपणा होता, निम्मा राग. काडी मुद्दाम राखलीय एवढं न कळण्याइतकी मी काही दूधखुळी नव्हते. दोन सकाळी लागल्या. चाळीसच्या चाळीस काड्या मी बुडापासून उडवल्या. कापल्या जागेतून पाणी टपटपायला लागलं. इतकं पाणी नाशिकला मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तरी हात थांबावा ना? नाही थांबला.

मेमध्ये ओपा घरी आले. काही दिवसांनी एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने मला धरून, धापा टाकत वर चढले. वेली हिरव्यागार झाल्या होत्या. मी दिमाखात म्हटलं, "मी केलं हे! आमच्या पद्धतीने!" ओपा पहिल्या वेलीपाशी वाकले, पानं उलटसुलट करून पाहिली. मग दुसरी पाहिली. पाचव्या वेलीनंतर ते भिंतीवर बसले. म्हणाले, "हो, हो. तर... खूप मेहनत केलीस. डांके." आणि मी मूर्ख, त्यांनी आभार मानले म्हणून हरखून खाली आले.

जूनमध्ये ओमा आणि मी अंगणात वाटाणे सोलत होतो. खालचा मळा फुलोऱ्यात आला होता, वर मात्र नुसती पानं. मी म्हटलं, "त्या वेलींना जरा उशीर होतोय, नाही?"

ओमाचे हात थांबले. "अगं, त्यांना यंदा घड येणार नाहीत. घड त्या लांब काडीच्या डोळ्यांत होते. ती काडी तू कापलीस."

आमच्याकडे एप्रिलमध्ये खरडलं तरी ऑक्टोबरात पुन्हा छाटून फळ धरता येतं. इथे ऑक्टोबरानंतर बर्फ. एवढी साधी गोष्ट, आणि ती द्राक्षवाल्याच्या लेकीच्या डोक्यात आली नव्हती. मी विचारलं, "मग ते फ्रान्सचे आजोबा?"

"पुढच्या वर्षी या म्हणून कळवलंय."

"ओपा मला काहीच कसे बोलले नाहीत?"

"म्हणाले, पोरीला बापाची आठवण आली असेल. तिला बोलू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांची आठवण कुठली, मी तर ओपांची जिरवायला गेले होते! त्या संध्याकाळी यांना म्हटलं, "अहो, मला ओपांची माफी मागायचीय. तुम्ही बरोबर चला." हे म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? जाऊ दे." मी जाऊ दिलं. खरं तर यांना बरोबर न्यायची गरज नव्हती. तेवढं जर्मन मला केव्हाच येत होतं.

नोव्हेंबरात फ्रान्सहून पुन्हा पत्र आलं. या वेळी म्हाताऱ्याच्या सुनेचं. ओपा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक ओळ ओमाला जर्मनमध्ये सांगत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होते. सासरे गेले, तिने लिहिलं होतं. तुमचं पत्र यायच्या आधीच त्यांनी प्रवासाची बॅग भरून ठेवली होती. पत्र वाचलं आणि स्वतःच्या हाताने ती रिकामी केली. पण तुमच्याबद्दल मनात काही ठेवलं नाही. म्हणाले, मेमधल्या थंडीने डोळे जाळले तर त्याला तो तरी काय करणार, माझीही बाग अशीच जळलीय.

थंडीने. ओपांनी त्याला असं लिहिलं होतं. त्या वर्षीचा मे चांगला उबदार गेला होता.

पत्राची घडी घातल्याचा आवाज आला. आता बोल, मी स्वतःला म्हटलं, निदान आता तरी बोल. मी हात पुसले आणि वळले. ओपा माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही, नुसतेच, मी काही म्हणते का याची वाट बघितल्यासारखे.

"कॉफी ठेवू?" मी विचारलं.

"ठेव," ओपा म्हणाले.

मी कॉफी ठेवली.