शेजारचं गुणगुणणं

नौपाड्यातले ते गृहस्थ लोकांनी मैफलींत टेप केलेल्या जुन्या कॅसेट्स गोळा करतात आणि कॉम्प्युटरवर उतरवून देतात. नाव मी विचारलंच नाही. सगळे त्यांना काका म्हणतात. कॅसेट हातात आली की ते ती आधी शर्टाच्या बाहीने हळूच पुसतात, आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटून घेतात.

बाबांनी डोंबिवलीच्या एका मैफलीत टेप केलेली कॅसेट मी त्यांच्याकडे नेलेली. गाणं सुरेख होतं, पण मध्येमध्ये कुणी बाई बरोबरीने गुणगुणत होती.

"काका, हा आवाज काढता येईल?"

त्यांनी डोळे उघडले. "येईल की. पण टेपरेकॉर्डर कुणाकडे होता?"

"बाबांच्या मांडीवर."

"मग इतक्या जवळ कोण बसलं असेल हो?"

मी पुन्हा ऐकलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तिला गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं, पण आवाज तिचाच होता. सुराची पर्वा न करता ती मजेत गात होती.

काकांनी आवाज थोडा वाढवला.

"राहू द्या," मी म्हटलं. "हवं तर गवयाचा कमी करा."